टपाचे दोन हुक

गाडी विकणारा दातांचा डॉक्टर होता आणि त्याला जुळी झाली होती. गाडी दोन सीटची, घरात माणसं चार. जाहिरातीत त्याने विकण्याचं कारण लिहिलं होतं, 'कुटुंबवाढ'. दुकानात मशीनवर बसल्या बसल्या ते वाचून मी इतकी हसले, की सुई बोटात शिरायचीच राहिली.

मी गाड्यांची सीट कव्हरं शिवते. एकतीस वर्षं झाली. गाडी बघायला गेल्यावर बाकीचे लोक आधी बॉनेट उघडतात, मी आधी सीट बघते. इंजिन पुसून चकाचक करता येतं, पण चालवणाऱ्याच्या सीटची दाराकडची कड खोटं बोलत नाही. ती किती चेपली आहे, शिवण कुठे उसवली आहे, यावरून माणूस गाडीत कसा चढतो, कसा उतरतो, गाडीवर त्याचा जीव आहे की नाही, सगळं कळतं. डॉक्टरच्या गाडीची ती कड जवळजवळ नव्यासारखी होती. म्हणजे बिचारा हळूच बसायचा आणि हळूच उतरायचा. शेजारची सीट मात्र मधोमध खोल दबलेली होती.

"इथे कोण बसायचं?" मी विचारलं.

"बायको," तो म्हणाला आणि गाडीकडे न बघता घराच्या खिडकीकडे बघायला लागला. आतून दोन गळे एकदम रडायला लागले होते.

मी सीटमागच्या कार्पेटखाली हात घातला. ओलं. डॉक्टर म्हणाला, गाडी नुकतीच धुतली आहे. मी म्हटलं, "डॉक्टर, मी काही दात दाखवायला आलेली नाही, मला खरं सांगा." मग मी पर्समधली तार काढली, सीटच्या मागे टपाचं, म्हणजे वरच्या घडीच्या कापडी छताचं, पाणी वाहून जायला बारीक भोकं असतात त्यात घातली आणि दोनदा फिरवली. काळा पाला बाहेर आला आणि गाडीखाली भळाभळा पाणी सांडलं. डॉक्टरने तोंडात बोट घालायचंच बाकी ठेवलं. सहा वर्षं तो गाडी वापरत होता, आणि गाडीला अशी भोकं असतात हे त्याच्या गावीही नव्हतं.

माझ्याबरोबर आलेल्या मेकॅनिकला सगळे 'पाना' म्हणतात. तो गाडीखाली पाठीवर झोपला आणि पान्याच्या मागच्या टोकाने पत्र्यावर इथे तिथे ठोकत राहिला. गंजलेला पत्रा वेगळा वाजतो. पाना मुळात कमी बोलतो, आडवा असला की त्याहून कमी.

"घे," तो खालून म्हणाला.

टप फाटलेला होता, मागची प्लास्टिकची काच पिवळी पडून तडकली होती. त्या दोन गोष्टींवर मी भाव पाडला आणि पाडताना मला जराही लाज वाटली नाही. कापडाचं काम माझ्या हातचं होतं. दुसऱ्या कुणाला जे नुकसान, ते माझ्या एका रविवारचं काम. डॉक्टरने किल्ली दिली तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. मी त्याला सांगितलं, "जुळी मोठी झाली की या, एकेकाला चक्कर मारून आणीन."

अशी गाडी मला वयाच्या पंचविसाव्या वर्षापासून हवी होती. आता मी एकोणपन्नासची आहे. मध्ये एक लग्न झालं आणि मोडलं, तेवढं सोडलं तर उशीर व्हायला काही मोठं कारण नव्हतं. लोकांच्या गाड्यांची कव्हरं शिवता शिवता माझी राहून गेली, इतकंच. पण ती नेमकी याच महिन्यात घ्यायला एक कारण होतं, आणि ते कारण दुसऱ्या मजल्यावर खिडकीत बसलेलं होतं.

अप्पा म्हणजे माझे वडील. चौतीस वर्षं त्यांनी बस चालवली. डेपोत त्यांचं नाव काढलं की अजून लोक सरळ उभे राहतात. वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षापर्यंत आमची जुनी, आता विकलेली गाडी तेच चालवायचे. सात महिन्यांपूर्वी परवान्यासाठी डोळे तपासायला गेले. नजरेतलं मधलं पुसट झालं होतं, कडेकडेचं तेवढं दिसत होतं. तपासणाऱ्याने परवाना काढून घेतला. अप्पा घरी आले, चपला खोक्यात घालून ते खोकं कपाटात ठेवलं, आणि त्या दिवसापासून त्यांनी उंबरा ओलांडला नाही.

"मला मागे टाकून न्यायला मी सामान आहे का?" एवढंच ते म्हणायचे. टॅक्सी नको, शेजाऱ्याची गाडी नको, चालायलाही नको. पाय सुजायला लागले. अप्पांना तपासणारी डॉक्टरीण घरी येऊन बघून जायची आणि जाताना दर वेळी तेच सांगायची, यांना बाहेर काढा.

दादा दूर दुसऱ्या शहरात राहतो. माझा थोरला भाऊ. मनाने चांगला, पण फोनवर बोलताना तो भाऊ राहत नाही, मुख्याध्यापक होतो. "महिनाभर बघतो," तो म्हणाला. "अप्पा घराबाहेर पडले नाहीत, तर मी येऊन त्यांना घेऊन जाणार. माझ्याकडे तळमजला आहे, बाग आहे. तुझ्याकडे ते खिडकीत बसून संपतील." आणि पुढे, "तू एखादी शहाण्यासारखी चार दरवाजांची गाडी घे आधी. म्हातारा माणूस मागे नीट आडवा तरी होईल."

अप्पांना दादाकडे जायचं नव्हतं. ते तसं बोलले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी कपाटावरची मोठी बॅग खाली काढून पलंगाशी ठेवली, रिकामीच. त्या बॅगेवरून माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती थेट डॉक्टरच्या जाहिरातीपर्यंत घेऊन गेली. मागे आडवं करायचं म्हणे! मी गाडी घेणार, तर जिला मागची सीटच नाही अशी घेणार. या घरातून अप्पा गेले, तर खालच्या दुकानातून मला वर जेवायला बोलवायला कुणी उरणार नव्हतं, आणि मला ते नको होतं. सरळ सांगते, मला नको होतं.

गाडी दारात आणली तेव्हा अप्पा खिडकीत होते. मान तिरकी करून, डोळ्यांच्या कडेने, त्यांनी बराच वेळ खाली बघितलं.

"ही गाडी की साबणाची वडी?" ते म्हणाले.

"खाली या, हात लावून बघा."

"बसायचं कुठे?"

"माझ्या शेजारी."

"मी उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या शेजारी बसलेलो नाही," अप्पा म्हणाले आणि खिडकी लावून घेतली.

ते खरं होतं. आई असतानासुद्धा तीच शेजारी बसायची, चाक यांच्या हातात. मी वर जाऊन भांडले, गोड बोलले, पुन्हा भांडले. बॅग पलंगाशी तशीच होती. दादा यायला एकवीस दिवस होते.

अप्पा हलत नव्हते, मग मी निदान टप तरी करायला घेतला. जुना टप उसवून त्याचे तुकडे जमिनीवर अंथरले, त्यावरून जाड काळं कॅनव्हास कापलं, दुहेरी शिलाई घातली, मागे नवी काच बसवली. आता माझी ख्याती कशाची, तर कव्हर तंग बसण्याची. माझ्या कव्हरावर सुरकुती दाखवा आणि पैसे परत घेऊन जा, असं मी गिऱ्हाइकाला सांगते. कुणी आजवर परत घेतले नाहीत. रविवारी भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, मी तो टप सांगाड्यावर चढवला आणि ओढून ओढून असा बसवला की बोट मारलं की टणटण वाजावा. शेजारचा लाँड्रीवाला येऊन बघत उभा राहिला. "ताई, इस्त्रीची गरजच नाही," तो म्हणाला. मी फुगून गेले.

इथेच मी माती खाल्ली. एकतीस वर्षं फक्त सीटवर काम केलेल्या माणसाने करावी तशी चूक. सीट जागची हलत नाही, तिचं कव्हर जितकं तंग तितकं चांगलं. टप घडी होतो, उघडतो, उन्हात सैल पडतो, गारव्यात आवळतो. त्याला थोडी ढील लागते. हे पान्यालाही माहीत असतं. मला आपलं सुरकुतीचं भूत.

त्या दिवशी चार वाजता मी टप उघडा टाकून पहिली चक्कर मारली. काय सांगू! सिग्नलला थांबले की लोक माझ्याकडे वरून बघायचे, आणि मी खालून त्यांच्याकडे राणीसारखी बघायचे. ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला, मी हात केला. गिअरचा दांडा मनगटाच्या जराशा हालचालीत पडत होता. वळणावर गाडी रस्त्याला अशी चिकटून वळली की मी एकटीच मोठ्याने ओरडले. शेजारची सीट रिकामी होती, हे मात्र प्रत्येक वळणावर दिसत होतं.

सहा वाजता परत आले तेव्हा वारा गार झाला होता आणि आभाळ भरून आलं होतं. टप पुढे ओढला. पुढच्या काचेच्या वर दोन टोकांना दोन हुक असतात, त्यात टप अडकवायचा. माझ्या बाजूचा अडकला. शेजारच्या बाजूचा दोन बोटं लांब राहिला. तिकडे जाऊन तो ओढला, तर माझ्या बाजूचा फटकन सुटला. पुन्हा इकडून, पुन्हा तिकडून. मोठा थेंब माझ्या सीटवर पडला.

लाँड्रीवाला धावत आला. त्याने दात-ओठ खाऊन असा हिसका दिला की शिलाई करकरली.

"अरे थांबा!" वरून आवाज आला. "तो टप आहे की बैल? हिसके कसले देताय?"

मी वर बघितलं. खिडकीत अप्पा उभे होते, मान तिरकी.

"एकीकडून ओढलं की दुसरीकडचं सुटणारच!" ते ओरडले. "दोघांनी एकदम! आतून! बसून!"

"याला आत बसता येत नाही, अप्पा," मी ओरडले. लाँड्रीवाल्याच्या पोटाकडे बघता ते खोटं नव्हतं. त्यानेही पोट आत घ्यायचा प्रयत्न केला नाही, त्याबद्दल मी त्याची आजन्म ऋणी आहे.

खिडकी रिकामी झाली. मला वाटलं, वैतागून आत गेले. मग जिन्यात काठी वाजली. एक पायरी, थांबा. एक पायरी, थांबा. मी जागची हलले नाही, वर जाऊन हात द्यायचा मोहसुद्धा आवरला. सात महिन्यांनी अप्पा दाराबाहेर आले, तेही अनवाणी, चपला खोक्यातच राहिल्या होत्या. चेहऱ्यावर असा संताप, की डेपोतला एखादा नवशिका ड्रायव्हर जागीच गार झाला असता.

दार चाचपून त्यांनी उघडलं, आधी काठी आत टाकली, मग स्वतःला. सीट इतकी खाली, की ते धप्पकन बसले आणि मला दोन शिव्या बसल्या. मग वर हात नेऊन त्यांनी बोटांनी हुक शोधला.

"बस. तुझा धर. मी तीन म्हटलं की. एक, दोन, तीन!"

खट्, खट्. दोन्ही हुक एकदम बसले. आणि पाऊस सुरू झाला.

दोघं आत बसलो होतो. डोक्यावर कॅनव्हास ताशासारखं वाजत होतं. अप्पा उतरायला दाराकडे वळले, पाऊस बघून थांबले. मी किल्ली फिरवली.

"कुठे निघालीस?"

"टप गळतो का बघायला. उभ्या गाडीत कळत नाही."

ही थाप होती, आणि चौतीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला ती थाप आहे हे न कळणं शक्य नव्हतं. त्यांनी पट्टा ओढला आणि लावला.

पहिल्या चौकात त्यांचा उजवा पाय रिकाम्या जमिनीवर दाबला गेला. दुसऱ्या चौकातही. "तिथे ब्रेक नाही, अप्पा," मी म्हटलं. "असायला हवा," ते म्हणाले. मग पुलाच्या चढावर, "दुसरा टाक. इंजिन रडतंय." मी दुसरा टाकला, इंजिन रडायचं थांबलं. उतारावर म्हणाले, "मागे कुणीतरी चिकटलंय, आरशात बघ." बघितलं, खरंच एक व्हॅन चिकटली होती. त्यांना ती कशी कळली ते त्यांनाच ठाऊक. मधलं दिसत नव्हतं, पण रस्ता त्यांना पुरता दिसत होता.

येताना ते एक हात वर नेऊन टपाच्या शिवणीवरून बोटं फिरवत राहिले. कडेने मागे, मग पुढच्या पट्टीवर. तिथे बोटं जरा थबकली. मला वाटलं, गळतंय.

"गळतंय का?"

"नाही," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "शिलाई चांगली आहे तुझी." एकतीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाले. पावसामुळे समोरचं धूसर झालंय असं मी स्वतःला सांगितलं आणि वायपर जोरात केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाके उसवायचं हत्यार घेऊन मी गाडीपाशी गेले. चूक कुठे आहे ते मला कळलं होतं. पुढच्या पट्टीत मी दोन बोटं जादा कापड आत दुमडून ठेवलं होतं, आमच्या धंद्यात ठेवतातच. ते सोडलं की टप सैल, आणि एकट्या माणसाला एका हाताने लावता येईल. तासाभराचं काम. मी पट्टीशी पहिला टाका शोधला. मग वर खिडकीकडे बघितलं. मग हत्यार परत डब्यात टाकलं.

संध्याकाळी खालून हाक मारली, "अप्पा, टप लावायचाय!"

"काय कटकट आहे," वरून आवाज आला, आणि काठी जिन्यात वाजली. या वेळी पायात चपला होत्या.

टप लावायचा तर आधी उघडायला हवा, आणि उघडलाच आहे तर एक चक्कर मारायला हवी. रोजचं झालं. आठव्या दिवशी त्यांनी गाडी नदीकाठच्या रस्त्याने घ्यायला लावली, बाराव्या दिवशी डेपोच्या फाटकासमोर थांबवली. उघड्या गाडीतून त्यांनी आत हाक मारली आणि सहा-सात जण धावत आले. "साहेब, तुम्ही आणि शेजारी?" एकाने विचारलं. "हिला टप लावता येत नाही," अप्पा म्हणाले. आता गावभर माझी बदनामी होत होती. एकतीस वर्षांची तंग कव्हरं, आणि लोक म्हणत होते, स्वतःच्या गाडीचा टप चुकला. मी ऐकून घेतलं. मला ओळखणाऱ्यांना विचारून बघा, मी कधी काही ऐकून घेत नाही.

ठरल्या दिवशी दादा आला. अप्पा घरात नव्हते, तर तो घाबरला. मग आम्ही दोघं वळणावरून आलो. अप्पांच्या डोळ्यांवर आईचा जुना काळा चष्मा, केस वाऱ्याने उभे. दादा बघतच राहिला.

"मी कुठे बसू?" त्याने विचारलं.

"फुटपाथवर," अप्पा म्हणाले.

दादा हसला, पण मुख्याध्यापक तो मुख्याध्यापकच. आम्ही एक-दोन-तीन करून टप लावला ते त्याने नीट बघितलं आणि गाडीभोवती फिरला. स्वतः शिवत नसला, तरी शिवणारणीचा भाऊ आहे, त्यालाही थोडं कळतं. "अगं, जरासा आवळच झालाय हा," तो म्हणाला. "सैल कर ना. तुझं तासाभराचं काम. अप्पांना रोज उगाच दोन मजले उतरायला लावतेस."

मी अप्पांकडे बघितलं नाही. "कापड कमी पडलंय," मी म्हटलं. माझ्या कामाबद्दल मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले, आणि तेही स्वतःला अडाणी ठरवून.

"कमीच पडलंय," अप्पा आतून म्हणाले. "नवा टप करायचा तर फार खर्च आहे. राहू दे."

दादा दोन दिवस राहिला आणि एकटाच परत गेला. ती मोठी बॅग मी कपाटावर चढवली, अप्पांनी चढवू दिली.

दादाला सोडायला आम्ही टप उघडा टाकून स्टेशनपर्यंत गेलो, म्हणजे तो टॅक्सीत आणि आम्ही त्याच्या मागे. हात करून, आगगाडी सुटेपर्यंत थांबून, परत गाडीत बसलो. गार वारा सुटला होता. मी माझ्या बाजूचा हुक धरला. अप्पांनी धरला नाही. त्यांची बोटं पुढच्या पट्टीवर होती.

"इथे आत दोन बोटं कापड आहे," ते म्हणाले.

माझे कान गरम झाले.

"पहिल्याच दिवशी हाताला लागलं होतं. पावसात."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोललीस?"

स्टेशनातून लोक बाहेर पडत होते, गाडीकडे बघत होते, एक लहान मुलगी आईचा हात ओढून दाखवत होती. मी शेवटी म्हटलं, "उद्या सैल करून टाकू का?"

"हात लावून तर बघ," अप्पा म्हणाले, आणि आपल्या बाजूचा हुक धरून माझ्या 'तीन'ची वाट बघत बसले.